तळ्याखालची वाट

निवृत्त सार्जंट साल्दिवियाने खालून तिसरा खण ओढला. तो अर्ध्यात अडकला, तेव्हा त्याने खणाच्या कडेला पाऊल टेकवून जोर लावला. खण निघाला आणि सार्जंट दोन पावले मागे गेला. पण आपण मुद्दामच मागे गेलो, असा चेहरा त्याने केला. सैन्यात राहून एवढे तरी शिकायलाच हवे.

"सरहद्दीजवळच्या नकाशांचे ताव असे कुणालाही देत नाहीत," तो म्हणाला. "कारण लिहिलंय का अर्जात?"

"लिहिलंय."

त्याने अर्ज चष्म्याजवळ नेला. कारणाच्या रकान्यात नेलिदा अस्तुदिल्योने एवढेच लिहिले होते : आमच्याच वाटेने आमच्याच कुरणावर जायला.

सार्जंटने ते दोनदा वाचले आणि शिक्का मारला.

ती आदल्या दुपारी बसने सांतियागोला आली होती. पुस्तकांच्या चार दुकानांत तिला जे नकाशे दाखवले, त्यांत डोंगरांवर हसरी गिधाडे आणि तंबू काढलेले होते. डोंगर तेवढे नव्हते. गिर्यारोहकांच्या दुकानातल्या पोराने फोन पुढे केला. त्यावर तिचे अख्खे खोरे एक फिकट, रिकामी जागा होती, जणू देवाचे तिथे काही करायचे राहूनच गेले. ज्यात समोच्च रेषा आहेत, ओढे आहेत, गुरांच्या वाटा तुटक रेघांनी काढल्या आहेत, असा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा हवा असेल तर सरकारी नकाशा कचेरीत जा, असे शेवटी एका म्हाताऱ्या पुस्तकवाल्याने सांगितले. तिथेही तो मिळेलच असे नाही, कारण त्या कोपऱ्यातला ताव एकदाच छापला आणि कुणी मागितलाच नाही म्हणून परत छापला नाही.

सार्जंटने ताव काउंटरवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले. नेलिदाने बोट न टेकवता, वरच्यावर हात फिरवत आपली नदी शोधली. नदीवरून घर. घरावरून घळीचे तोंड. घळीत रेषा इतक्या दाट आल्या होत्या की कागद तिथे तपकिरी झाला होता. घळ संपली, म्हातारीचा दात आला. तो सुळका अगदी जिथल्या तिथे होता, उंचीसकट. आणि त्या सुळक्याच्या पायथ्याशी, जिथून कुरणाची वाट जाते, तिथे वाट नव्हती. तिथे एक निळे तळे होते. चांगले घसघशीत, राजम्याच्या दाण्यासारखे.

ती वयाच्या सहाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात त्या तळ्यातून चालत गेली होती. तिचे बूट कधी भिजले नव्हते.

तिने तळ्याच्या पोटातली बारीक अक्षरे वाचली. मग तिने डोळे मिटून घेतले.

"काय झालं, बाई?" सार्जंटने विचारले.

"काही नाही. नाव वाचलं."

नाव होते : दोन बदकांचे तळे.

आमच्या खोऱ्यात बेलार्मिनो अस्तुदिल्यो हा माणूस ज्याला माहीत आहे, त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. नेलिदाचा बाप बेलार्मिनो हा साठ वर्षे खेचरे हाकलेला माणूस. खेचरवाले थापा मारतातच. त्याशिवाय चढ संपत नाही. पण बेलार्मिनोच्या थापेला घरचा शिक्का असे. त्याचे खेचर बर्फात गोठले आणि वसंतात जिवंत झाले, तेव्हा त्याच्या कानांतून दोन बदके उडाली. त्याने पुमाशी पत्ते खेळले आणि डाव जिंकला, तेव्हा पुमाने हरल्याबद्दल दोन बदके दिली. त्याच्या कुठल्याही थापेत बदके येतातच, आणि ती दोनच असतात. लग्नाला येणार की नाही हे तो नक्की सांगणार नाही, पण बदके दोन.

आणि हेही सगळ्यांना माहीत होते की तरुणपणी, वर्दीवाल्यांचे राज्य होते तेव्हा, बेलार्मिनोने नकाशा काढणाऱ्यांची यंत्रे आपल्या खेचरावरून वाहिली होती. हे तो स्वतःच सांगे. छाती पुढे काढून.

नेलिदाने तावाची गुंडाळी केली. तिला ज्याची गरज होती ते सापडले होते, आणि ते तिच्या विरुद्ध होते.

*

गोष्ट अशी होती. ऑक्टोबरात एका कंपनीने घळीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवले आणि कुलूप लावले. जमीन आमची, असे तिच्या वकिलाने कळवले. वरचे पाणीही आमचे, हेही कळवले. आमच्याकडे पाणी विकत मिळते; सेकंदाला अमुक लिटर, असे कागदावर. इकडे डिसेंबरात उन्हाळा लागला की खालचे गवत वाळून काडी होते आणि गुरे वर कुरणांवर न्यावीच लागतात. त्याला आम्ही बेरानादा म्हणतो. त्या वर्षी खोऱ्यातली साठ गुरे आणि एकशे दहा शेळ्या फाटकासमोर उभ्या होत्या आणि कुलूप चाटत होत्या. आणखी दोन आठवडे असेच गेले असते तर कसायाला बोलवावे लागले असते.

नेलिदाने प्रांताच्या कचेरीत तक्रार केली. तिथल्या जमीन-वाटांच्या अधिकाऱ्याने, तोरेआल्बा नावाच्या बारीक, थकलेल्या माणसाने, नियम वाचून दाखवला : जुनी वाट सरकारी सविस्तर नकाशावर असेल तर फाटक उघडावे लागेल. नसेल तर नाही. खोऱ्यातले लोक साक्ष देतील, ती म्हणाली. खोऱ्यातल्या प्रत्येकाच्या शेळ्या आहेत, तो म्हणाला, त्यामुळे ती साक्ष नाही, ते गाऱ्हाणे झाले.

म्हणून ती नकाशा शोधायला निघाली होती. उन्हाळ्यात शहरी हौशी लोकांना डोंगरात फिरवणे हा तिचा धंदा. नकाशे हे वेळेवर खरे बोलणारे मित्र असतात, असे ती त्या लोकांना सांगत आली होती.

*

बेलार्मिनो चुलीपाशी बसून भोपळ्याच्या वाटीतला येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीने ओढत होता. राखेत भाजायला टाकलेल्या भाकरीचा वास सुटला होता. नेलिदाने टेबलावर ताव पसरला. कोपरे दाबायला तिने मिठाचे भांडे घेतले, सुरी घेतली, पेला घेतला, आणि फळीवरच्या मरियमच्या तसबिरीपुढचा खडूचा जुना तुकडा उचलला.

"तो ठेव जागेवर," बेलार्मिनो म्हणाला.

"कागद उडतोय, आबा."

"उडू दे. खडू जागेवर."

तिने खडू परत ठेवला आणि चौथा कोपरा कोपराने दाबला. त्या खडूला घरात कुणीच हात लावत नसे. का, ते तिने लहानपणी विचारले होते, आणि उत्तरात बदके आली होती.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. नाक कागदाला लागेपर्यंत वाकला. बराच वेळ त्याची फक्त टोपी दिसत होती.

"झकास काढलंय," तो म्हणाला. "काठ बघ कसा वळवलाय. मी एवढं सांगितलंही नव्हतं."

"लाज वाटत नाही?"

"पन्नास वर्षं झाली. आता काय वाटायची."

नेलिदा त्या दिवशी बापाला बरेच बोलली. तुमच्या थापेने आपली वाट बुडवली, म्हणाली. कंपनीला काही करावेच लागले नाही, खोटे कागद तुम्हीच सरकारात नेऊन दिलेत, म्हणाली. लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू, की माझ्या बापाला एक लेफ्टनंट भेटला आणि राहवले नाही? बेलार्मिनोने एकेक करून तीन कारणे दिली. लेफ्टनंटची मिशी बघवत नव्हती. तंबाखूच्या गोण्या सरहद्दीपलीकडून चोरून आणायच्या होत्या. आणि आकाशातून काढलेल्या फोटोत तिथे खरोखरच काळा डाग होता. सकाळी विमान गेले तेव्हा सुळक्याची सावली काळ्या खडीवर पडली होती. हे तळे आहे का, असे त्यांनीच विचारले, आणि पाहुण्याला नाही म्हणू नये.

"मी बोटानं दाखवलं होतं," तो शेवटी म्हणाला, जणू त्यात सगळे आले.

खोऱ्यातल्या माणसाच्या दृष्टीने त्यात सगळे आलेच. आमच्याकडे वाट बोटाने दाखवत नाहीत. हनुवटी जराशी उचलतात, बस. ज्याला कळायचे त्याला कळते, परक्याला वाटते माणूस मान खाजवतोय. बोट उचलून 'ते तिकडे' असे कुणी म्हणाला, की आमच्यातले शेंबडे पोरही समजते की तिकडे जायचे नाही.

"लेफ्टनंटला काय माहीत बोट म्हणजे काय," नेलिदा म्हणाली. "त्यानं काढलं तळं. आणि कंपनीनं ते विकत घेतलं."

म्हाताऱ्याने मान वर केली.

"काय घेतलं?"

"तळं. तळ्याचं पाणी. सेकंदाला चाळीस लिटर. दाखल्यावर नाव आहे, दोन बदकांचं तळं. खाली द्राक्षांच्या मळ्यांना विकणार आहेत."

बेलार्मिनोने नळी तोंडातून काढली आणि वाटी खाली ठेवली. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे. मग डोळ्यांतून पाणी आले, मग खोकला आला, आणि नेलिदाला उठून त्याची पाठ चोळावी लागली. खोकला थांबल्यावर तो कितीतरी वेळ गप्प बसला. बेलार्मिनो गप्प बसला की खोऱ्यात लोक दारे लावून घेत.

"वर गेलंय का त्यांच्यातलं कुणी?"

"इंजिनियर मार्चमध्ये येणार आहे म्हणे."

"सुनावणी कधी?"

"गुरुवारी. तुम्ही येणार नाही."

"माझी काळी टोपी कुठंय?" तो म्हणाला.

*

सुनावणी पालिकेच्या दालनात झाली. कंपनीचे वकील एचेनिके यांनी तोच ताव भिंतीवर टाचला. नेलिदाने जो इतक्या कष्टाने शोधला होता, तो त्यांच्याकडे काच लावलेला, चौकटीत बसवलेला होता. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी पेनाच्या टोकाने घळ दाखवली : वाट नाही. तळे दाखवले : वाट असणे शक्य नाही; बाई, गुरे पोहत जात असतील तर मात्र माझी हरकत नाही. उपग्रहातून काढलेला ताजा फोटोही त्यांनी आणला होता. त्यातही तो काळा डाग होता. वरून पाणी असेच दिसते, ते म्हणाले.

मागच्या बाकांवर खोऱ्यातले लोक बसले होते. सगळे बेलार्मिनोकडे बघत होते आणि बेलार्मिनो आपल्या टोपीकडे.

तोरेआल्बाने नेलिदाला काही म्हणायचे आहे का विचारले. तिने तोंड उघडले, तेवढ्यात म्हातारा उठला.

त्याने आधी नकाशाची स्तुती केली. असा नकाशा आपण आयुष्यात पाहिला नाही, म्हणाला. जे नकाशावर नाही ते डोंगरात नाही, हे वकीलसाहेबांचे म्हणणे त्याला शंभर टक्के मान्य होते. नेलिदाने त्याचा कोट खेचला. त्याने तो खेचू दिला.

"तर मग वाट नाही," तो म्हणाला. "ठरलं. आता तळ्याचं बोलू. तळं तुमचं?"

"कायदेशीर," वकील म्हणाले.

"बघितलंय?"

"त्याची गरज नसते."

"नसेल. पण ज्यानं चाळीस लिटरचा दाखला दिला त्या सरकारला एकदा बघावंसं वाटत असेल. साहेबांना वाटत असेल." त्याने तोरेआल्बाकडे टोपी केली. "तर साहेबांना तळ्यावर न्या. कसं नेणार? घळीतून वाट नाही, तुम्हीच म्हणता. तिथं विमान उतरत नाही, हेलिकॉप्टरचं पातं कड्याला लागतं. म्हणजे तळं आहे, पण जगात कुणालाच तिथं जाता येत नाही. असल्या तळ्यातनं पाणी खाली कसं आणणार, तेवढं शिकवा आम्हाला. आमच्याही विहिरी कोरड्या आहेत."

मागे कुणीतरी हसले आणि खोकल्यात दडवले.

वकील म्हणाले की घळीतून पायी जाता येत असेल, माणसाला, अडचणीने. पण ती वाट नव्हे.

"तेवढंच हवं होतं," म्हातारा म्हणाला. "जाता येतं. साहेब, माझी खेचरं तुमच्या सेवेला. तळं असेल तर मी त्यात उडी मारतो, गुरं कसायाला देतो, तुमच्या फाटकाला दर वर्षी रंग लावतो. नसेल तर…"

त्याने वाक्य पुरे केले नाही. टोपी घातली आणि बसला.

तोरेआल्बाने आपल्या कागदांत काहीतरी शोधले. ते त्याला सापडले नाही, की मुळात शोधतच नव्हता, कोण जाणे. शेवटी तो म्हणाला की जागेची पाहणी करण्याची तरतूद आहे, मंगळवारी सकाळी सात वाजता. कंपनीने फाटक उघडावे. वकीलसाहेबांनीही यावे. वकीलसाहेबांनी कमरेचे दुखणे सांगितले.

*

मंगळवारी सातला पहारेकऱ्याने कुलूप काढले. तोरेआल्बा 'विधवा' नावाच्या करड्या खेचरावर बसला होता, दोन्ही हातांनी खोगीर धरून. नेलिदा पुढे होती. तो आत गेला आणि त्याच्यामागून बेलार्मिनो गेला आणि बेलार्मिनोच्या मागून साठ गुरे आणि एकशे दहा शेळ्या गेल्या. पहारेकरी फाटकाला पाठ लावून उभा राहिला, कारण दुसरीकडे उभे राहायला जागाच उरली नव्हती.

घंटांचा आवाज ऐकून तोरेआल्बाने मान वळवली.

"हे काय, काका?"

"तळ्यावर चाललोत ना, साहेब. म्हटलं पाणी पाजून आणू."

तोरेआल्बा पुढे बघू लागला. त्याच्या खांद्यांवरून काही कळत नव्हते.

घळ चढायला तीन तास लागले. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की दुपारीही वर फक्त आभाळाची चिंधी दिसते. पायाखाली शेकडो वर्षांच्या खुरांनी खडक वाटीसारखा झिजला होता. तोरेआल्बाने एके ठिकाणी खेचर थांबवून तो झिजलेला खडक बघितला, हात लावायला वाकला, तोल गेला, आणि विधवेने त्याला उपकार केल्यासारखे सावरले. त्याने वहीत काहीतरी लिहिले.

दहाच्या सुमारास घळ संपली आणि म्हातारीचा दात समोर आला. त्याच्या पायथ्याला काळ्या खडीचे सपाट मैदान, त्यावर सुळक्याची सावली. सावलीतून, सरळ मधोमध, फिकट झिजलेली वाट. गुरांनी वाट ओळखली आणि पाय उचलले. बेलार्मिनोने मैदानाच्या मध्यावर जाऊन टोपी काढली.

"पाय वर घ्या, साहेब," तो म्हणाला. "बूट भिजतील."

तोरेआल्बा खेचरावरून उतरला. त्याने खडीत टाच रोवून बघितली. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाच रोवली. ताव उघडला, सुळक्याकडे पाहिले, होकायंत्र काढले, पुन्हा तावाकडे पाहिले. मग त्याने पावले मोजत मैदान आडवे पार करायला सुरुवात केली, तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि शेळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या.

नेलिदाने खोगिराच्या पिशवीतून दगड काढला. मैदानाच्या डाव्या टोकाला, जिथे एक अरुंद ओहळ वर चढतो, तिथे दगडांची रास आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे खालून आणलेला एक दगड ठेवायचा. बेलार्मिनोचे एक खेचर तिथे पडून मेले होते, ते प्रार्थना म्हणायचे, आणि त्याच्या दफनाला दोन बदके हजर होती, हे नेलिदाला पाळण्यात असल्यापासून माहीत होते. तिने दगड ठेवला. म्हाताऱ्याने आपला ठेवला. इतर वेळी तो लगेच वळायचा. आज वळला नाही.

"खेचर नव्हतं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मास्तर होता. शाळेचा. त्याला पकडायला वर्दीवाले आले होते. नकाशावाले निमित्त, सोबत वीस बंदुका होत्या. इथं लपून बसला होता तीन रात्री. मी खाली लेफ्टनंटला भाकरी वाढत होतो. त्यानं विमानातला फोटो पुढं करून विचारलं, घळीत माणसं पाठवू का वर, की हे पाणी आहे."

नेलिदाने राशीतल्या सगळ्यात खालच्या दगडांकडे पाहिले.

"चौथ्या दिवशी मी नेला त्याला." म्हाताऱ्याने ओहळाकडे हनुवटी उचलली, जेमतेम. "खिंडीपलीकडं. जाताना पहिला दगड त्यानंच ठेवला. म्हणाला, पोचलो तर कळवीन."

"कळवलं?"

"सात वर्षांनी पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. एक खडू होता."

तोरेआल्बा मैदानाच्या मध्यावर वाकून काहीतरी मोजत होता. शेवटची शेळी सावलीतून उन्हात गेली.

"तो एकटाच?" नेलिदाने विचारले.

"तो पहिला."

ती वाट बघत होती. म्हातारा खिसे चाचपत होता, तंबाखू सापडत नव्हती. गोष्ट संपली होती, आणि तीत बदके आली नव्हती.

तोरेआल्बा त्यांच्याकडे आला तेव्हा त्याच्या बुटांवर काळी धूळ होती. तो म्हणाला की तळे खोडावे लागेल. घळीतून कुरणापर्यंतची वाट काढावी लागेल, तुटक रेघेने, आणि जुनी म्हणून नोंद होईल. फाटक राहील, पण कुलूप राहणार नाही. दाखल्याचे काय ते वकीलसाहेबांनी बघावे. हे सगळे तो रोजचे काम सांगावे तसे सांगत होता, पण पेन्सिलीला त्याने आधी नीट टोक काढले. पन्नास वर्षांच्या सरकारी निळ्या रंगावर रेघ मारणे ही काही लहान गोष्ट नाही. त्याने एका सपाट दगडावर ताव पसरला आणि वाट काढली. हळू, वळणावळणाने, कुरणापर्यंत.

मग तो थांबला. त्याने राशीपाशी पाहिले. तिथून ओहळात वर, दगडांतून, माणसाच्या पावलाएवढी फिकट रेघ चढत होती.

"आणि हे?" त्याने विचारले. "हीही वाट दिसते. नकाशा दुरुस्त करायचाच तर सगळा करू. कुठं जाते?"

बेलार्मिनो विधवेचा पट्टा आवळायला लागला. त्याची पाठ त्यांच्याकडे होती.

नेलिदाने तावाकडे पाहिले. त्या कोपऱ्यात रेषा मोकळ्या होत्या, रंग नव्हता. असा चांगला नकाशा तिने जन्मभर शोधला होता. तिने उजवा हात उचलला, बोट लांब केले आणि ओहळाच्या वरच्या टोकाकडे रोखले.

"ते तिकडं? पावसाचं पाणी उतरतं, साहेब. वाट नाही. वर कडा आहे, सरळ."

विधवेचा पट्टा आवळणारे हात थांबले.

"काहीच नाही वर?"

"कड्याखाली डबकं आहे एक. पाखरं उतरतात."

तोरेआल्बाने पेन्सिलीचे टोक कागदाला टेकवले, आणि उचलले. त्याने तिच्या बोटाकडे पाहिले, जे अजून हवेत होते. मग म्हाताऱ्याच्या पाठीकडे. मग दगडांच्या राशीकडे, तिथे त्याची नजर जरा जास्त वेळ राहिली.

"कुठली पाखरं?"

"बदकं."

तो आत्ताच ज्या तळ्यातून कोरडा चालत आला होता, त्याचे नाव त्याच्या गुडघ्यापाशी, तावावर, छापील अक्षरांत होते.

"किती?" त्याने विचारले.

"दोन," नेलिदा म्हणाली.

तोरेआल्बाने मान हलवली. ओहळाच्या टोकाशी त्याने एक छोटे वर्तुळ काढले, त्यावर कड्याच्या बारीक बारीक रेघा ओढल्या, आणि शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिले : पुढे वाट नाही. मग पेन्सिल खिशात ठेवून तो वाकला, पायापाशी पडलेला एक काळा दगड उचलला, आणि बराच वेळ हातात धरून राशीवर ठेवला.

"खालून आणलेला लागतो, साहेब," बेलार्मिनो वळून न बघता म्हणाला.

"पुढच्या वर्षी आणतो," तोरेआल्बा म्हणाला.